प्रमुख पाहुण्यांना काम द्या: मोफत अभ्यासवर्गासाठी नावाजलेली माणसं कशी जोडावीत

आमच्या वर्गाचा पहिला वार्षिक कार्यक्रम मला अजून आठवतो तो वाळलेल्या पोह्यांमुळे. चारची वेळ दिली होती. पोरं तीनपासून समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसून होती. मुलींनी आयांचे ठेवणीतले गजरे मागून घातले होते. पाहुणे आले सव्वासहाला. शाल, श्रीफळ, पंचवीस मिनिटांचं भाषण, एकोणीस फोटो, आणि साहेब गेले. तोवर पोह्यांचा पार भुगा झाला होता. सातवीतल्या एका मुलाने सतरंजी घडी करता करता विचारलं, "ताई, ते आपल्याला काय शिकवायला आले होते?"

त्यानंतर आम्ही दोन वर्षं कुणालाच बोलावलं नाही. तीही चूकच होती. वस्तीतल्या मुलांची फुकट शिकवणी चालवायची तर बाहेरच्या माणसांचा हात लागतोच, आणि ज्यांच्या शब्दाला समाजात वजन आहे अशांचा तर जास्तच लागतो. जागेचा प्रश्न येतो, दाखल्याचा येतो, पैशाचा येतो. तेव्हा आता बोलावतो, पण बोलावण्याआधी त्या माणसाने करायचं काम ठरवून ठेवतो. पंधरा वर्षांत चुकत-माकत जे जमलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांचा वर्ग एखाद्या देवळाच्या ओवरीत, पालिका शाळेच्या रिकाम्या खोलीत किंवा कुणाच्या गच्चीवर चालतो, त्यांना उपयोगी पडावं एवढाच हेतू.

१. आधी वहीत चार रकाने आखा

"कुणीतरी मोठा माणूस आपल्या पाठीशी हवा" हे सगळे म्हणतात. कशासाठी, हे विचारलं की गाडी अडते. म्हणून वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने करा: नाव, ओळख, वेळ, पैसा.

नाव म्हणजे पत्रकावर छापता येईल असा भरवसा. नव्या वस्तीत वर्ग सुरू करताना पालक विचारतात, "तुमच्या मागे कोण आहे?" तिथे एखाद्या जुन्या मुख्याध्यापकांचं नाव पुरेसं होतं. ओळख म्हणजे दार उघडून देणं: शाळेची खोली संध्याकाळी मिळावी म्हणून कुणाकडे अर्ज करायचा, कुठल्या कंपनीत सामाजिक कामाचा विभाग कोण बघतं. वेळ म्हणजे प्रत्यक्ष येऊन शिकवणं किंवा हिशेब बघणं. आणि पैसा म्हणजे पैसा.

एका माणसाकडून चारही मागू नका. ज्या डॉक्टरांकडे वेळ नाही ते आनंदाने चेक देतील, आणि ज्या निवृत्त बाईंची पेन्शन बेताची आहे त्या आठवड्यात तीन दिवस येतील. उलटं मागितलंत तर दोघंही कायमचे दुरावतात. आम्ही एका प्राध्यापकांकडे पहिल्याच भेटीत देणगी मागितली. ते देऊन मोकळे झाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. आम्हाला खरी गरज होती ती त्यांनी दहावीची भूमिती शिकवण्याची.

रकाने भरताना आकडे स्पष्ट लिहा. "शैक्षणिक साहित्य" असं मोघम नको. आमच्या पानावर असतं: दोन ताईंचं मानधन, चौरेघी आणि एकरेघी वह्या, खडू, पंख्या-दिव्याचं बिल, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला जायला रिक्षा, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या कोपऱ्यावर ताडपत्री. ताडपत्री वाचून एका व्यापाऱ्याने जागच्या जागी फोन लावला होता. "शैक्षणिक साहित्य" वाचून कुणी तो लावला नसता.

२. दाखवायला काहीतरी हवं

मान्यवर माणसाकडे रोज दहा संस्था येतात. तुमचं वेगळेपण तळमळीत नसतं, कारण तळमळ दहाही जणांकडे असते. ते असतं तुमच्या नोंदवहीत.

त्यासाठी मोठं काही लागत नाही. 2005 पासून देशभर गावोगाव जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या असर सर्वेक्षणाची पद्धत कुणालाही वापरता येते. मूल अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचतं का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं का. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. प्रत्येक मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा, मार्चमध्ये एकदा. प्रत्येक मुलासमोर तीन खुणा.

एवढ्या साध्या पानाचं वजन किती असतं याची साक्ष मुंबईतच आहे. युनिसेफच्या पुढाकारातून 1995 मध्ये मुंबईत 'प्रथम' उभी राहिली, ती वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून. पुढे त्यांनी बालसखी योजना आणली: तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी शाळेच्या वेळेत रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. मुंबई आणि वडोदऱ्यात या योजनेची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलं खरोखर पुढे सरकली हे कागदावर आलं. आयसीआयसीआयचे नारायणन वाघुल यांच्यासारखा कसलेला बँकर प्रथमच्या पाठीशी उभा राहिला. बँकेच्या माणसाला आकडा बोलतो, भाषण बोलत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि हो, नोंदवहीत न जमलेलंही लिहा. चाळीसपैकी सहा मुलं मार्चमध्येही शब्दांवरच अडकली असतील तर तसंच दाखवा. एका निवृत्त न्यायाधीशांना मी वही दाखवली तेव्हा त्यांनी बरोबर त्या सहा नावांवर बोट ठेवून विचारलं, "यांचं काय?" त्यांतल्या दोघांना चष्म्याची गरज होती. आम्हाला ते कळलंच नव्हतं.

३. कागद सरळ करून ठेवा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळलात तर नाव असलेला माणूस दोन हात लांब राहील. त्याचं नाव ही त्याची आयुष्याची कमाई असते आणि ती तो कच्च्या कागदांवर ठेवणार नाही.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, लेखापरीक्षण झालेलं असावं, पॅन आणि बँक खातं संस्थेच्या नावाने असावं. प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी नोंदणी, जिला सगळे अजूनही '80जी' म्हणतात, असेल तर उत्तम. 2026 च्या 1 एप्रिलपासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ते सीएकडून तपासून घ्या. दोन गोष्टी मात्र देणगीदाराला आधीच सांगा. रोख 2,000 रुपयांच्या वर दिले तर त्या रकमेवर सूट मिळत नाही. आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ही वजावट मिळतच नाही. हे न सांगता घेतलेली देणगी जुलैमध्ये विवरणपत्र भरताना कटकट होऊन परत येते.

कंपनीकडे जाणार असाल तर थोडं आणखी. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण त्यात बसतं. पण बाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 ही नोंद लागते. म्हणून पहिल्या वर्षी कंपन्यांचे उंबरठे झिजवू नका.

परदेशातल्या मदतीबद्दल एक गैरसमज आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. तोच भाचा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी होते, आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. महाराष्ट्र मंडळातला कुणी प्रेमाने "पाठवतो" म्हणाला की आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. विचारताना अवघड वाटतं, पण नंतर नोटिशीला उत्तर देणं याहून अवघड असतं.

कुणा मान्यवराला लगेच विश्वस्त करू नका. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत किती काळ जाईल सांगता येत नाही. 'सल्लागार' किंवा 'स्नेही' म्हणून सुरुवात करा. दोन वर्षांनी दोघांनाही कळतं, जमतंय की नाही.

४. माणूस शोधायचा कुठे

टीव्हीवर दिसणाऱ्यांपासून सुरुवात करू नका. वस्तीपासून वर्तुळं काढा. पहिल्या वर्तुळात वस्तीतच नाव असलेली माणसं: पोस्टातले काका, तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई, गणेश मंडळाचा जुना अध्यक्ष, रेशन दुकानदार. दुसऱ्यात प्रभाग किंवा तालुका: निवृत्त मुख्याध्यापक, बँकेचे व्यवस्थापक, तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले अव्वल कारकून. तिसऱ्यात जिल्हा आणि राज्य: उद्योजक, खेळाडू, कलावंत, अधिकारी.

माझं स्पष्ट मत आहे की दुसरं वर्तुळ सर्वांत मोलाचं. आठवीच्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं उदाहरण घ्या. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. आमची मुलं परीक्षा पास होतात आणि कागदात नापास. उत्पन्नाचा दाखला वेळेवर निघत नाही, आधारवर 'पुजा' आणि शाळेच्या दाखल्यावर 'पूजा', बँक खातं बंद पडलेलं. आमच्याकडे एक निवृत्त नायब तहसीलदार दर ऑगस्टमध्ये दोन शनिवार येऊन बसतात. पालक रांगेत. ते चष्मा कपाळावर सरकवून एकेक कागद वाचतात आणि मागे पेन्सिलीने लिहितात: 'हे आधी, मग ते.' कुणाला फोन करत नाहीत, वशिला लावत नाहीत. फक्त क्रम सांगतात. दहा नट-नट्यांनी मिळून केलं नसतं एवढं काम त्या पेन्सिलीने केलं आहे.

तिसऱ्या वर्तुळातलं मोठं नाव बहुतेक वेळा घरातल्या दाराने येतं. सचिन तेंडुलकर आणि मुंबईच्या वस्त्यांत काम करणारी 'अपनालय' ही संस्था यांचं नातं सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्या सासूबाई अ‍ॅनाबेल मेहता त्या संस्थेत अनेक वर्षं स्वतः राबत होत्या, हे तितकं बोललं जात नाही. नाव नंतर आलं, आधी घरातलं माणूस वस्तीत होतं. तेव्हा आपल्या स्वयंसेवकांची, त्यांच्या नातेवाइकांची, जुन्या विद्यार्थ्यांच्या मालकांची यादी करा. आमच्या एका विद्यार्थिनीची आई ज्यांच्याकडे पोळ्या करते, ते गृहस्थ मोठे वास्तुरचनाकार निघाले. आईने स्वतःहून सांगितलं म्हणून गेलो, हे महत्त्वाचं. तिच्या नोकरीवर ओझं येईल असं काही तिला करायला लावू नका.

राजकीय मंडळींना टाळता येत नाही, आणि सरसकट टाळूही नये. समाजमंदिर त्यांच्याच निधीतलं असतं. मात्र निवडणुकीच्या वर्षात कुणालाच मंचावर बोलवायचं नाही, आणि मुलांच्या दप्तरांवर कुणाचाही चेहरा छापू द्यायचा नाही, हे दोन नियम ठरावात लिहून ठेवा. मग नाही म्हणताना तुम्ही नाही म्हणत नसता, ठराव म्हणत असतो.

५. पत्र आणि फोन

पत्र एका पानाचं. संस्थेचा इतिहास नको, "शिक्षण हे वाघिणीचं दूध" तर अजिबात नको. आम्ही एका बालरोगतज्ज्ञांना लिहिलेलं पत्र जवळजवळ जसंच्या तसं देते:

"आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आपल्या दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. तिसरी ते आठवीची चाळीस मुलं येतात, फी नाही. जूनमध्ये त्यांतल्या तेवीस मुलांना गोष्ट वाचता येत नव्हती. आज नऊ मुलांना येत नाही. या नऊ जणांना ऐकू येण्याची किंवा दिसण्याची काही अडचण आहे का, हे आम्हाला कळत नाही. आपण एका बुधवारी साडेसहा ते साडेसात येऊन त्यांना बघाल का? सत्कार, भाषण, फोटो काही नसेल. चहा असेल. मी येत्या सोमवारी दुपारी आपल्या दवाखान्यात फोन करते. आपली विश्वासू."

पत्रात बघा काय आहे: अंतर, संख्या, एकच मागणी, एकच वार, आणि पुढचं पाऊल आपल्याकडे. "आपल्या सोयीनुसार कधीही" असं लिहिलं की ते 'कधीही' कधी उगवत नाही. आणि सोमवार लिहिलात तर सोमवारी फोन कराच.

मोठ्या माणसाच्या पीएशी बोलणं ही स्वतंत्र कला आहे. एकदाचा संवाद असा झाला:

"मॅडम, साहेब येतील. बॅनरवर फोटो कुणाकुणाचे आहेत?"
"बॅनर नाही हो."
"बरं. प्रेसवाले?"
"तेही नाहीत."
थोडा वेळ फोनवर नुसतीच खरखर. मग, "मग साहेबांनी येऊन करायचं काय?"
"भागाकार."

ते हसले. पण त्यांनी निरोप पोचवला, आणि साहेब आले. पीएंचं नाव लिहून ठेवा, दिवाळीला त्यांना मुलांनी केलेला आकाशकंदील द्या. पुढच्या सगळ्या भेटी तेच घडवतात.

६. पहिली भेट: चाळीस मिनिटं आणि एक गणित

भेट नेहमीच्या वर्गाच्या वेळी ठेवा, वेगळा कार्यक्रम ठेवू नका. उशीर झाला तरी वर्ग चालूच असतो, कुणी ताटकळत नाही. पुष्पगुच्छाऐवजी हातात खडू द्या. खुर्ची ठेवू नका, किंवा ठेवलीत तर एका कोपऱ्यात ठेवा. गुडघेदुखीचा त्रास असू शकतो. बाकी सगळे सतरंजीवर.

काम आधी ठरलेलं हवं आणि ते खरं हवं. भागाकारवाले साहेब एका मोठ्या कारखान्याचे प्रमुख, शिक्षणाने अभियंता. त्यांच्यासमोर पाचवीतली एक मुलगी बसवली. पाटीवर होतं 432 भागिले 4. तिने लिहिलं होतं 18. साहेबांनी सहज दुरुस्त केलं: 108. मुलगी म्हणाली, "पण चाराने तीनला भाग जात नाही, मग सोडून द्यायचं ना? शून्य का लिहायचं?" साहेब गप्प. "तसा नियम आहे," असं म्हणाले, आणि स्वतःलाच ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं. दोन मिनिटांनी त्यांनी पाकीट काढलं. शंभराच्या चार नोटा, दहाच्या तीन आणि शेजारच्या ताईंकडून दोन रुपये. "चौघांत वाट." शंभराची एकेक नोट वाटली गेली. दहाच्या तीन नोटा चौघांत? "नाही पुरत." "म्हणजे प्रत्येकाला दहाच्या किती नोटा मिळाल्या?" "एक पण नाही." "एक पण नाही, म्हणजे किती?" मुलीने पाटी ओढली आणि मधे शून्य लिहिलं. मग तीस रुपयांची मोड करून बत्तीस सुटे रुपये, प्रत्येकाला आठ.

नोटा परत पाकिटात गेल्या, हे मुद्दाम सांगते. भेटीत मुलांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, हे आम्ही दारातच सांगतो.

साहेबांनी निघताना देणगीचा विषय काढलाच नाही. म्हणाले, "मी पुढच्या गुरुवारी येऊ का? अपूर्णांक कसे सांगायचे ते बघून येतो." देणगी सहा महिन्यांनी आली, न मागता. सगळेच असे नसतात. पाचांतले तीन एकदा येऊन परत येत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

नामवंत माणूस खरोखर शिकवायला बसला की काय होतं याचं ठळक उदाहरण पाटण्यात घडलं. आनंद कुमार यांनी 2002 साली गरीब घरांतली तीस मुलं घेऊन आयआयटी प्रवेशाची मोफत तयारी सुरू केली, तेव्हा त्यांच्यासोबत अभयानंद होते: वरिष्ठ पोलीस अधिकारी, जे पुढे बिहारचे पोलीस महासंचालक झाले. ते तिथे पाहुणे नव्हते, मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होते. काही वर्षांनी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तेही खरं. आणि खर्चाबाबत आनंद कुमार सतत सांगत आले की बाहेरची देणगी घेत नाही, संध्याकाळच्या फीच्या वर्गांतून भागवतो. प्रत्येकाला ते झेपणार नाही. पण पाठीराखा गेला तरी वर्ग चालला पाहिजे, एवढी तजवीज आपल्यालाही करता येते: कुठल्याही एका देणगीदाराच्या पैशावर दोन्ही ताईंचं मानधन अवलंबून ठेवू नका.

७. मुलांना जपा

ही पायरी सहावीच्या आधी वाचलीत तरी चालेल. पाहुणा कितीही मोठा असो, मुलासोबत एकटा बसणार नाही. वर्गाची ताई कायम नजरेच्या टप्प्यात. मुलांचे फोन नंबर, घरचा पत्ता पाहुण्यांना द्यायचा नाही, कुणी "हिचं पुढचं शिक्षण मी करतो" म्हणालं तरी. ते संस्थेमार्फत होईल. लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदा स्वयंसेवकांना समजावून सांगा. काही खटकलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'मोठ्या माणसाचं नाव आहे' ही सबब तिथे चालत नाही.

फोटो: पालकांची लेखी परवानगी असेल तरच, आणि मुलाचं पूर्ण नाव, शाळा, वस्ती एकत्र कधीच नाही. "हिचे वडील दारू पितात, पण ही बघा" असं मुलीला उभं करून सांगणाऱ्या एका स्वयंसेवकाला मी वर्गाबाहेर बोलावून समज दिली होती. ती मुलगी पुढे आठवडाभर आली नाही. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी कुणाच्या घरची लक्तरं काढायची नाहीत. वही दाखवा, तेवढं पुरे.

८. नावाचा प्रश्न

मदत मोठी झाली की आज ना उद्या कुणीतरी विचारतं, "आमच्या आईचं नाव देता येईल का?" आपल्याकडे या प्रश्नाची दोन्ही उत्तरं दिली गेली आहेत आणि दोन्ही देणारी माणसं थोर होती. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव मिळालं. आज त्याला सगळे एसएनडीटी म्हणतात. दुसरीकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट साताऱ्यात अजून सांगितली जाते: कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदललं तर मोठी देणगी देऊ, असं एका धनिकाने सुचवलं, आणि अण्णांनी एक वेळ बापाचं नाव बदलेन पण हे नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन ती नाकारली.

मला या दोहोंत विरोध दिसत नाही. कर्व्यांनी एका बाईचं नाव बायकांच्या विद्यापीठाला दिलं. भाऊरावांनी दिलेला शब्द फिरवला नाही. तुमच्यासाठी कामाची गोष्ट एवढीच की उत्तर देणगीदार समोर बसलेला असताना शोधू नका. आधी बैठकीत ठरवा. आमचा ठराव: कपाटाला, पुस्तकांना, एका वर्षाच्या शिष्यवृत्तीला नाव देऊ, वर्गाला आणि मुलांच्या गणवेशाला नाही.

भाऊरावांकडून आणखी एक घेण्यासारखं. 1927 मध्ये गांधीजी साताऱ्यात त्यांचं वसतिगृह बघायला आले आणि त्याला राजर्षी शाहूंचं नाव देण्यात आलं. पाहुण्याला दाखवायला तिथे काय होतं? सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत होती, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत होती. रोजचं होतं तेच दाखवलं.

आणि मोठ्या देणगीच्या नादात मूठभर देणारे विसरू नका. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच ही रीत जिवंत आहे: रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ शाळेसाठी बाजूला काढायचे. आमच्या वस्तीतल्या आया महिन्याला दहा-वीस रुपये डब्यात टाकतात. नामवंतांना आम्ही तो डबा दाखवतो. वस्ती स्वतः काही देते का, हा प्रश्न हुशार पाहुणा विचारतोच.

९. जोडलेली माणसं टिकवायची कशी

दर तीन महिन्यांनी अर्ध्या पानाचं पत्र. त्यात एक आकडा, एका मुलाची नाव न घेता छोटी हकिकत, एक अडचण. मागणी चारातल्या एकाच पत्रात. देणगीची पावती आठवड्याच्या आत, आणि वर्षाचं प्रमाणपत्र वेळेवर. आजवर त्याची मुदत 31 मे राहिली आहे. पावतीला उशीर झाल्याने आमचा एक चांगला देणगीदार तुटला, आणि चूक पूर्ण आमची होती.

वाईट बातमी वर्तमानपत्रात येण्याआधी तुमच्याकडून कळली पाहिजे. ताई सोडून गेली, जागा गेली, हिशेबात घोळ झाला: फोन करा. उलटही घडतं. पाठीराख्याचंच नाव एखाद्या भानगडीत येतं. तेव्हा घाईने निवेदन काढू नका आणि पांघरूणही घालू नका. आमच्या मूळ ठरावात एक ओळ आहे की संस्था किंवा स्नेही, कुणीही एका पत्राने संबंध थांबवू शकतात, कारण देण्याची गरज नाही. ती ओळ एकदाच वापरावी लागली. चहा पिऊन, पत्र देऊन, दहा मिनिटांत झालं.

वय झालं, गाव बदललं, तब्येत बिघडली म्हणून माणसं गळतात. त्यांना माजी म्हणू नका, वार्षिक पत्र पाठवत राहा. नायब तहसीलदारांचा गेल्या ऑगस्टमध्ये मोतीबिंदू झाला होता. त्यांनी आपली पेन्सिल आणि दोन शनिवार आमच्याच एका माजी विद्यार्थिनीकडे दिले. ती आता तलाठी आहे. स्वतः शेजारी बसून होते, हिरवी पट्टी लावून, आणि तिने एका आधार कार्डावरचं 'पुजा' वाचलं की न बघता म्हणायचे, "ऱ्हस्व आहे ना? हे आधी."